कॅटालिना: हळू, पण दमदार

प्रिय सुधीर,

एवढं मठ्ठ विमान दुसऱ्या महायुद्धात धाडलंच कसं, हा तुझा प्रश्न रास्त आहे. कॅटालिना, म्हणजे पाण्यावर उतरणारं गस्तीचं विमान, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जायची, तर झिरो हे जपानी लढाऊ विमान ५०० च्या वर. पण गस्तीला वेगापेक्षा दम लागतो. १०४ फुटी पंखात सुमारे ६,६०० लिटर पेट्रोल आणि १,२०० अश्वशक्तीची दोन इंजिनं, म्हणजे अख्खा दिवस समुद्रावर काढता यायचा.

४ एप्रिल १९४२ चंच बघ. सिलोनमधल्या (आजच्या श्रीलंकेतल्या) कोग्गलाहून पहाटे कॅटालिना घेऊन निघालेल्या लिओनार्ड बर्चल या कॅनेडियन वैमानिकाला, परतायची वेळ झाली तेव्हा, सुमारे ३५० मैलांवर जपानी ॲडमिरल नागुमोचं आरमार दिसलं. जहाजं नीट ओळखायला तो जवळ गेला. रेडिओवरून इशाऱ्याचा संदेश तीनदा पाठवायचा नियम. तो पुरा होण्याआधीच झिरोंनी विमान पाडलं. नऊजणांपैकी सहा वाचले, ते जपानच्या कैदेत गेले. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बंदरातली बरीच जहाजं बाहेर काढलेली होती. कोलंबोजवळच्या रत्मलाना विमानतळावरची लढाऊ विमानं मात्र जमिनीवरच गाठली गेली. इशारा देणं कॅटालिनाचं काम. पुढचं तिच्या हातात नव्हतं.

खरा छळ पाण्याचा. उतरताना लाटा त्रास देणार हे कुणालाही कळतं, पण आरशासारखं शांत पाणीही तितकंच वाईट. वरून उंचीचा अंदाजच येत नाही. म्हणून नाक जरा वर, इंजिनाला थोडी ताकद आणि मिनिटाला दीडदोनशे फूट एवढ्याच संथ गतीनं, पाणी लागेपर्यंत खाली येत राहायचं. घाईनं काही केलंस की आपटलास! उड्डाणाच्या वेळी तेच पाणी तळाला चिकटून धरतं; मग समोरून मोटरबोट फिरवून तरंग उठवायचे.

पाण्यावर ब्रेक नाहीत. वळायला एका बाजूचं इंजिन वाढवायचं, वेग मोडायला बाजूच्या फुगीर काचेच्या खिडक्यांतून कापडी पिशव्या पाण्यात सोडायच्या. पाण्यावर तोल सांभाळणारे, पंखांच्या टोकांचे तरंडे वर-खाली करायचं काम इंजिनिअरचं. तो पंखाखालच्या खांबात बसायचा.

खाऱ्या पाण्याचं तुला, खाडीकाठच्या माणसाला, काय सांगू? गोड्या पाण्यानं धुवायचा कंटाळा केला की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. आणि जोरात आपटून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, उडाले की तळाला भोकं. त्यांत ठोकायला लोक चक्क पेन्सिली वापरत. हातपंप सुरू ठेवून किनारा गाठेपर्यंत तेवढं पुरे व्हायचं.

तुझा,
अनंत