फाइल मुलाची, पण पालकांना मिळेना

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारी स्थिती) असलेल्या मुलाचे पालक थेरपी सेंटर बदलतात, तेव्हा जुन्या नोंदी मागितल्या की ‘ती आमची अंतर्गत फाइल आहे’ असे उत्तर मिळते. फारच आग्रह धरला तर लेटरहेडवर ‘प्रगती समाधानकारक’ एवढी एक ओळ. नव्या ठिकाणी मग असेसमेंट पुन्हा, फीही पुन्हा; आणि मूल कितव्या महिन्यात आधाराशिवाय बसले, हे आईने आठवून सांगायचे.

वास्तविक भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या वतीने अधिकृत व्यक्तीने मागितलेले वैद्यकीय कागद ७२ तासांत द्यायचे असतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रहेजा प्रकरणात रुग्णाचे कागद द्यायलाच हवेत, असे रुग्णालयांना बजावले. पण तो नियम डॉक्टरांसाठी. मुलाला आठवड्यातून अनेकदा पाहणारा फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे करायला शिकवणारा) त्यातून सुटतो! या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला आहे; त्याखाली थेरपी केंद्रांनाही हीच मुदत घालून द्यावी. तोवर पालकांनी अर्ज लेखीच द्यावा आणि पोच घेताना तारीख व शिक्का मागून घ्यावा. तोंडी मागणी उद्या कोणी मान्य करत नाही.

– एक पालक, पुणे