तुझ्या कादंबरीतल्या त्या दोघांविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी अर्धी कादंबरी वाचून संपवली आणि लगेच लिहायला बसले. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी तुझं ऐकत बसते आणि माझं म्हणणं राहून जातं. मोकळेपणाने लिही, असं तू बजावलं आहेस, तेव्हा हे पत्र लांबणार.

आधी जे मनापासून आवडलं ते. तुझी नायिका इमारतमालकाची मुलगी आणि नायक तिथे लिफ्ट दुरुस्त करणारा; बंद पडलेल्या लिफ्टमधली त्यांची पहिली भेट फार छान उतरली आहे. ती घाबरल्यामुळे अखंड बोलत सुटते आणि तो वरून एवढंच सांगतो, "दारापासून जरा लांब उभ्या राहा." दोन माणसांचे स्वभाव तू एका पानात उभे केलेस. ती आधी बोलते आणि मग विचार करते. तो प्रत्येक नट दोनदा तपासतो. अशी दोन माणसं एकमेकांकडे ओढली जाणार, हे वाचणाऱ्याला तिथेच पटतं. तिला त्याच्या शांतपणात विसावा मिळतो आणि त्याला तिच्या बडबडीत आपण कधी न उघडलेली खिडकी दिसते.

दुसरी गोष्ट तू ठरवून केलीस की आपसूक झाली, कोण जाणे. ती दुसऱ्याच भेटीत त्याला अरे-तुरे करू लागते आणि तो मात्र कितीतरी प्रकरणं तिला अहो-जाहोच करत राहतो. दोघांमधलं अंतर सांगायला याहून जास्त काही लागतच नाही. म्हणून मला वाईट वाटलं ते याचं, की तो तिला पहिल्यांदा 'तू' म्हणतो तो क्षण तू एका ओळीत उरकलास. पहिल्या चुंबनाला दीड पान आणि याला एक ओळ! त्या माणसाच्या तोंडून तो शब्द किती अडखळत निघाला असेल, याचा विचार कर. त्या दिवशी त्याने काहीतरी धोका पत्करला आहे. तिला तर ते जाणवतही नाही, कारण तिला सगळेच जवळचे लोक 'तू' म्हणतात.

आता जिथे मी अडले तिथे येते. स्वभावातला फरक आणि परिस्थितीतला फरक, या दोन्हींची तू गल्लत केली आहेस. तो जपून वागतो, हिशोब ठेवतो, उद्याचा विचार करतो. हे सगळं तू त्याचा स्वभाव म्हणून सांगतोस. ती बेधडक आहे, मनात आलं की निघते, हा तिचा स्वभाव. पण मला वाचताना सारखं वाटत होतं, की यातलं खरंच स्वभावातलं किती? त्याला चूक परवडत नाही म्हणून तो जपून वागतो. तिची कुठलीही चूक निस्तरायला कुणीतरी कायम होतं म्हणून ती बेधडक राहू शकली. मला विचारशील तर वर्ग म्हणजे मुख्यतः हेच, माणसाला किती चुका परवडतात. बंगला, गाडी, कपडे हे नुसतं दिसणारं. प्रेमकथेत जीव येतो तो त्या दोघांना हे हळूहळू कळू लागतं तेव्हा.

याच कारणासाठी तुझं ते पावसातलं प्रकरण मला अपुरं वाटलं. ती म्हणते, "आज ड्यूटीला दांडी मार ना!" तो थांबतो, दोघं रात्रभर भटकतात, प्रकरण संपतं आणि पुढचं प्रकरण आठवड्यानंतरचं. अरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? त्याचा रोज बुडाला. ठेकेदाराने काय ऐकवलं? त्याच्या वाटची नाइट कुणी केली आणि त्या जोडीदाराशी तो नजर कशी मिळवणार? तिच्यासाठी ती एक सुंदर रात्र होती. त्याच्यासाठीही होती, पण तिचं बिल त्याच्या एकट्याच्या नावावर आलं. ती सकाळ लिही. आणि एक विनंती, त्याच्या तोंडी भाषण घालू नकोस. तो तिला काहीच सांगणार नाही. तिला ते दुसरीकडूनच कळू दे, अगदी उशिरा, आणि कळल्यावर तिने पैसे देऊ करण्याची घाई करू दे. तिची सगळ्यात मोठी चूक तीच असेल. तिच्या घरी प्रत्येक गोष्ट अशीच मिटवतात, त्यामुळे ती तसंच करणार.

यावरून मला इंग्रज लेखक रिचर्डसनची 'पामेला' ही कादंबरी आठवली. 1740 सालची. घरात कामाला असलेली मुलगी आणि तिचा मालक. तो तिला डांबून ठेवतो, छळतो आणि शेवटी लग्न करतो, आणि त्या लग्नालाच तिच्या सद्गुणांचं बक्षीस ठरवलं आहे. दुसऱ्याच वर्षी फील्डिंग या दुसऱ्या इंग्रज लेखकाने 'शामेला' लिहून त्या कादंबरीची टर उडवली. त्याची नायिका साधी-भोळी नाहीच, पैशांवर डोळा ठेवून जाळं टाकणारी आहे. मला त्या टवाळीतून एकच गोष्ट घ्यायची आहे. गरिबाच्या प्रेमाला कायम पुरावा द्यावा लागतो. श्रीमंत माणूस खरंच प्रेम करतो का, की त्याला चार दिवसांची गंमत हवी आहे, हे विचारताना कुणी त्याच्या बँक खात्याकडे बोट दाखवत नाही. तुझ्या कादंबरीत तिचे वडील त्याला विचारतात, "तुला नक्की काय हवंय?" प्रसंग चांगला आहे. पण हाच प्रश्न त्याच्या बहिणीने तिलाही विचारला पाहिजे, तितक्याच कडकपणे.

आणि 'पामेला'मुळेच दुसरी शंका मनात आली, ती जास्त गंभीर आहे. ज्या इमारतीत तो कामाला आहे ती तिच्या वडिलांची. मग तो तिला 'नाही' म्हणू शकत होता का? तिने पहिल्यांदा गच्चीवर बोलावलं तेव्हा तो गेला, पण नकाराची मोकळीक नव्हती म्हणून गेला की मनापासून? तू दोघांचं प्रेम खरं आहे असं गृहीत धरून पुढे गेलास. कुठेतरी एकदा त्याने तिला स्पष्ट नकार द्यायला हवा आणि त्याची नोकरी शाबूत राहायला हवी. त्यानंतरचा त्याचा होकार मी डोळे झाकून मानेन.

सूट खरेदीचा प्रसंग मात्र काढून टाक. वरच्याने खालच्याला घडवायचं, बोलायला-चालायला शिकवायचं, ही फार जुनी चाल आहे आणि त्यात शिकणारा नेहमी एकच असतो. त्यापेक्षा तिला त्याच्याकडून काहीतरी शिकू दे, हाताने करण्यासारखं, आणि ते तिला लवकर जमू नये.

आता शेवट. तू म्हणालास, की पुढे त्याच्या नावावर काकांची जमीन निघते आणि तिच्या वडिलांचा विरोध मावळतो. मित्रा, कृपा करून हे करू नकोस. हो, मोठमोठ्यांनी हे केलं आहे. शार्लट ब्राँटेची 'जेन आयर' 1847 ची, गरीब शिक्षिका जेन आणि तिचा श्रीमंत मालक रॉचेस्टर यांची प्रेमकथा. तिथेही जेनला काकांकडून 20,000 पौंड मिळतात. ती त्यांचे चार वाटे करून त्यातले तीन आपल्या तीन आतेभावंडांना देते, हे मला फार आवडतं. पण रॉचेस्टरकडे ती परतते तेव्हा तिच्याकडे पैसा आहे, आणि त्याचं घर जळालेलं, एक हात गेलेला, दृष्टी गेलेली. लेखिकेने तराजूची दोन्ही पारडी आधी सारखी केली आणि मगच लग्न लावलं. त्या काळात बाईला स्वतःच्या पायावर उभं राहायला वाटाच किती थोड्या होत्या, हे लक्षात घेतलं तर मी ते समजू शकते. आज तू तसं केलंस तर त्याचा अर्थ एवढाच होतो, की तो गरीब असता तर हे जमलं नसतं.

मला त्यापेक्षा एलिझाबेथ गॅस्केल या इंग्रज लेखिकाबाईंची 'नॉर्थ अँड साउथ' ही कादंबरी जवळची वाटते. ती 1854-55 मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. गिरणीमालक आणि पाद्र्याची मुलगी. वारसा तिथेही त्या मुलीला मिळतो, पण त्याने पैशाचा प्रश्न मिटत नाही, उलट तो दोघांमध्ये येऊन बसतो. शेवटी गिरणी बुडालेली असते आणि ती त्याच्यासमोर चक्क व्यवहार मांडते, की माझे 18,057 पौंड बँकेत अडीच टक्क्यांनी पडून आहेत, ते तू घे आणि मला जास्त व्याज दे. आणि त्या व्याजाच्या बोलण्यातूनच प्रेमाची कबुली येते! तो प्रसंग मी किती वेळा वाचला असेल. ज्या पैशाने इतका काळ अंतर ठेवलं, तोच तिने बोलण्यासाठी वापरला. तिथे कुणी उपकार करत नाही आणि कुणी घेतही नाही.

म्हणून शोकांतिका कर, असं मात्र मी म्हणत नाही. ते मुळीच नको. प्रेमकथा हातात घेणाऱ्याला शेवटी ती दोघं एकत्र हवी असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. एकाला मारून टाकलं की कादंबरी गंभीर वाटते खरी, पण दोघांमधली वर्गाची भिंत जिंकते आणि लेखकाची सुटका होते. ती दोघं लग्न करून रोजचं आयुष्य कसं निभावतील, हे लिहिणं जास्त अवघड आहे आणि तुला ते जमेल. त्यात त्यालाही काही गमावू दे. कामावरचे जोडीदार त्याला "काय जावईबापू" म्हणून हाक मारू लागतील आणि तो आला की विषय बदलतील. तिच्या मैत्रिणी तिला सोडणार नाहीत, नुसतं कौतुक करतील, आणि तेच तिला जास्त लागेल.

राहिला तुझा प्रश्न, लग्नानंतर ती दोघं कुठे राहतील. तिच्या घरी नको, त्याच्या घरी नको. भाड्याची जागा घेऊ दे. भाडं निम्मं-निम्मं भरायचं, असा तो हट्ट धरेल, मग त्याचा अर्धा पगार गेला तरी चालेल. ती म्हणेल, ज्याची जेवढी कमाई त्याने तेवढ्या प्रमाणात भरावं. दोघांचंही बरोबर आहे. ते भांडण पूर्ण लिही, मध्येच तोडू नकोस. मला ते सगळ्यात आधी वाचायचं आहे, बाकीची प्रकरणं मागाहून पाठवलीस तरी चालेल.

तुझी,
मैत्रीण