मॅडम, ते पत्रक अजून माझ्याकडे आहे

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात तुमच्या शोधनिबंधांची यादी वाचून दाखवली. बराच वेळ चालली ती. पीएच.डी.चे विद्यार्थी, समित्या, परिषदा, सगळं आलं. साध्या लोकांसाठी तुम्ही लिहून घेतलेल्या डोळ्यांच्या पत्रकांचं मात्र कुणी नावही काढलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम चारचौघांत.

आम्ही ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासण्याच्या शिक्षणाच्या, तिसऱ्या वर्षाला होतो. काचबिंदूवर एका पानाचं पत्रक लिहून आणा, असं तुम्ही सांगितलंत. मी रात्र जागून लिहिलं. पहिलं वाक्य अजून पाठ आहे: ‘काचबिंदू हा दृष्टीच्या मज्जातंतूचा हळूहळू बळावत जाणारा विकार असून त्यात दृष्टिक्षेत्राचा ऱ्हास होतो.’ तुम्ही वाचलंत, पण लाल पेनाचं टोपण काही काढलं नाहीत. म्हणालात, “चूक काहीच नाही. आता हे घरी कुणाला तरी वाचायला दे आणि वाचताना त्याचा चेहरा बघ.”

बाबांना दिलं. चाळिशी नाकावर चढवून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, “छान लिहिलंयस. पण हे आहे कुणासाठी?”

बाबा तेव्हा ५४ वर्षांचे होते. त्यांचे सख्खे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, रोज रात्री डोळ्यांत थेंब घालायचे. ते थेंब कशाचे, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. ऑप्टोमेट्री शिकणाऱ्या मुलीनेही नाही!

ते पान तुम्ही माझ्याकडून चार वेळा लिहून घेतलंत. तिसऱ्या खेपेला मला रडू आलं होतं, ते तुम्हाला कळलं की नाही माहीत नाही. “वाचून झाल्यावर माणसाने उठून करायचं काय? ते कुठे लिहिलंयस?” एवढंच विचारून तुम्ही कागद परत केलात. शेवटी जे उरलं ते असं: ‘काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही. समोरचं स्वच्छ दिसत असताना कडेची नजर जात राहते आणि गेलेली परत येत नाही. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू आहे का, हे आजच घरी विचारा. असेल तर कसलीही तक्रार नसली तरी डोळे तपासून घ्या.’

हे वाचून बाबांनी काही न बोलता काकांना फोन लावला.

काकांचे थेंब काचबिंदूचेच होते. मग बाबांच्या तपासणीत डोळ्याचा दाब १८ निघाला. २१ पर्यंत नॉर्मल धरतात. आदल्या वर्षी एका ठिकाणी एवढाच आकडा बघून ‘डोळे उत्तम आहेत’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं होतं. पण दाब नॉर्मल असूनही काचबिंदू असू शकतो, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं टोक बघितल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, हे तुम्ही आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं. मी हट्टच धरला. नसेच्या टोकावरचा वाटीसारखा खळगा मोठा दिसला, मग कडेची नजर मोजणारी फील्ड टेस्ट झाली. दिव्याचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाहेर येऊन बाबा वैतागून म्हणाले, “मशीन मधेमधे बंद पडत होतं तुमचं.” तसं ते सगळ्यांनाच वाटतं, नजर चांगली असणाऱ्यांनाही. पण बाबांच्या उजव्या डोळ्याच्या कागदावर नाकाच्या बाजूला काळा पट्टा होता, म्हणजे तिथली नजर गेली होती.

हे नऊ वर्षांपूर्वीचं. तो पट्टा आजही जवळपास तेवढाच आहे. ते पान लिहून घेतलं नसतंत, तर मोठ्या काकांचे थेंब अजूनही नुसतेच थेंब राहिले असते. मॅडम, याचे आभार मानायचे राहून गेले होते.

पुढे तुमच्याबरोबर शाळांच्या तपासण्यांना आले तेव्हा तर माझं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. रांगेतली मुलं पुढच्याचं ऐकून अख्खा तक्ता पाठ करतात, म्हणून तुम्ही कुठेही दिशा बदलता येईल असं इंग्रजी ‘ई’ अक्षर वापरायचात. तळहाताने डोळा झाकला की पोरं बोटांच्या फटीतून बघतात. आणि एक डोळा झाकल्यावर जे मूल मान वाकडी करतं, हात ढकलतं, त्याचा झाकलेलाच डोळा बहुधा चांगला असतो, उघडा आळशी, म्हणजे कमी दिसणारा. हे तुम्ही शिक्षकांना अशा खुबीने शिकवायचात, की पुढच्या वेळी आम्ही पोचायच्या आत त्यांनी मुलं हेरून ठेवलेली असायची. चष्मा लावल्याने नंबर वाढतो म्हणणाऱ्या पालकांशी तुम्ही कधी वाद घातला नाहीत. मुलाच्या डोळ्यांवर चष्मा चढवायचात आणि त्याला लांबची पाटी वाचायला लावायचात. मोबाइलवर भाषण देण्याऐवजी ‘रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्या’ हे सांगायचात. मला तेव्हा ते फारच साधं वाटायचं. लहान मुलांमध्ये लघुदृष्टी (लांबचं अंधुक दिसणं) सुरू होण्याचा धोका बाहेरच्या उजेडाने कमी होतो, हे संशोधन तोवर मी वाचलंच नव्हतं.

विभागात मात्र ‘हे छापून कुठे येणार?’ असं तुम्हाला विचारलं जायचं. हसून विषय बदलायचात. मला राग यायचा, अजूनही येतो.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा दृष्टीवरचा अहवाल आला तो तास आठवतो. फळ्यावर तुम्ही दोन आकडे लिहिलेत. नजरेचा काही ना काही दोष असलेले किमान २२० कोटी लोक. त्यांतल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून इलाज झालेला नाही. मग पहिला आकडा डस्टरने पुसलात. उरलेल्या १०० कोटींमधले ८२ कोटींहून अधिक लोक फक्त चाळिशीच्या चष्म्यावाचून अडलेत, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी “एवढंच?” असं म्हणालं. तुम्ही आसामच्या चहामळ्यांमधला २०१८ चा अभ्यास काढलात: चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचा चष्मा दिल्यावर त्यांची पानं खुडण्याची गती चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त वाढली. मागचा बाक गप्प. तो ‘एवढंच’वाला मुलगा आज फक्त जवळच्या चष्म्यांचंच काम करतो, हे तुमच्या कानावर असेलच.

मी आता शिकवते. पत्रक लिहून आणायला सांगते आणि टोपण न काढता परत देते. मुलं माझ्यावर चिडतात.

तुमची विद्यार्थिनी

ता. क. बाबांची फील्ड टेस्ट पुढच्या महिन्यात आहे. मशीन बंद पडत होतं, असं ते यंदाही म्हणणार.