तक्रार आवाजाची की गाण्याची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात ध्वनिवर्धकांविषयी पत्रं येत आहेत. मिरवणुकीतला डीजे, वरातीतला बँड, वस्तीतल्या कमानीखाली लागलेली भीमगीतं, उद्यानात पोरांचं रॅप, सगळ्यांचा एकत्र समाचार घेतला गेला. त्यातला आवाजाचा मुद्दा मला मान्य आहे. भिंती हादरवणारे स्पीकर कोणीही लावले तरी बंदच व्हायला हवेत. पण बहुतेक पत्रांचा शेवट आवाजावर होत नाही. ‘हे संगीतच नव्हे’, ‘अभिरुची बिघडते’, ‘सुसंस्कृत कार्यक्रमांनाच मैदान द्यावे’ अशी वाक्यं येतात आणि तिथे माझी हरकत सुरू होते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक नाही, आणि वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. या नियमात मालकंस राग आणि डीजे असा भेद नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या पहाटेपर्यंतच्या बैठकी याच नियमापायी गेल्या, आणि मला त्याची हळहळ आजही वाटते. नियम मात्र सर्वांना सारखा लागला हे खरं. आपण तो सारखा लावतो का? धरमपेठेत भजनाचा भोंगा चढला तर शेजारी म्हणतात, ‘जरा आवाज कमी करा हो.’ पलीकडच्या वस्तीतून कव्वाली किंवा भीमगीत आलं की तेच शेजारी म्हणतात, ‘काऊन लावलं बा हे!’ डेसिबल तेवढेच असतात.

मी पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवतो, म्हणून हा विषय मला जरा जास्त झोंबतो. ज्या पेटीशिवाय आज गाण्याची बैठक लागत नाही, तिला आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. वाद्य परदेशी, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) काढता येत नाही, सुरांमधल्या सूक्ष्म श्रुती सापडत नाहीत, अशी कारणं दिली गेली. त्यात तांत्रिक तथ्य होतंही. मींड पेटीत निघत नाही, हे मी रोज अनुभवतो. पण उणिवा कोणत्या वाद्यात नसतात? पुढे १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीतांवर गदा आली. लोकांची अभिरुची सुधारायची होती. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली, ती या धड्यानंतरच.

भीमगीतांवरचा ठरलेला आक्षेप म्हणजे चाली सिनेमाच्या, उसन्या. बरं. संगीत मानापमान १९११ साली रंगभूमीवर आलं. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि तेही आमच्यासारखेच पेटीवाले. त्यांनी चाली कुठून घेतल्या? उत्तरेकडच्या ठुमऱ्या, कजऱ्या, गझलांमधून, म्हणजे तेव्हा सोवळ्या घरांत ज्यांचं नाव घ्यायची चोरी होती त्या बायजींच्या गाण्यातून. शंभर वर्षं उलटली आणि तीच पदं आता शालीन अभिरुचीचं प्रमाणपत्र झाली आहेत. मग भीमगीतकार वामनदादा कर्डकांनी हजारो गीतं लिहिताना लोकांच्या ओठांवर असलेली एखादी चाल उचलली, तर त्याला चोरी का म्हणायचं? ज्याच्याकडे ना नाट्यगृह ना रेडिओ, तो माणूस चाल ओळखीचीच घेणार. शब्द नवे असतात आणि ते एका ऐकण्यात गावभर पोचायला हवे असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांशेजारी गाण्यांची दुकानं लागतात. आक्षेप घेणाऱ्यांनी तिथे अर्धा तास थांबून नुसते शब्द ऐकावेत. आणि ‘माझा आक्षेप फक्त चालीला आहे’ असं म्हणणाऱ्यांनी स्वतःला एकदा विचारावं, तो खरंच फक्त चालीला आहे का. नागपुरात राहणाऱ्याला मी काय म्हणतो ते कळेल.

खंजिरीचंही तसंच. आपल्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. १९४२ मध्ये चिमूर पेटलं, त्यामागे महाराजांची खंजिरी भजनं होती. इंग्रजांनी त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. इंग्रज सरकारने त्या खंजिरीची जेवढी दखल घेतली तेवढी आपल्या संगीतसभांनी कधी घेतली नाही.

रॅपविषयी मला फारसं कळत नाही आणि त्यातलं पुष्कळसं आवडतही नाही. तरी ‘गाता येत नाही म्हणून बडबडतात’ हा शेरा वाचून कवी अमृतरायांचे कटाव आठवले. अठराव्या शतकातली ती यमकांची धावती रांग एका दमात म्हणायची तर आजही श्वास पुरत नाही. अर्थात पोरांच्या गाण्याला मराठी पणजोबा शोधून दिला की मगच ते ऐकण्याजोगं ठरतं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधून आलेली चीज आहे, तशीच ऐकावी. नाही रुचली तर उठून जावं. तेवढीच मुभा त्या पोरांनाही असावी. ख्याल सुरू झाला की ‘आऽऽ’ करून हसणारे त्यांच्यातही आहेत, आणि तेही ऐकण्याआधीच हसतात.

शेवटी आयोजकांना एक विनंती. डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आहे. वसंतराव नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, पुढे पतियाळा, किराणा, भेंडीबाजार अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या गुरूंकडे गेले आणि ख्यालाबरोबर ठुमरी, नाट्यगीत, गझल तेवढ्याच तब्येतीने गायले. कुठल्याच एका घराण्याचे नाहीत म्हणून नाकं मुरडणारे त्यांनाही भेटलेच. विदर्भाचं लोकनाट्य असलेली खडी गंमत मात्र आपण बोलावतो ती ‘लोककला’ म्हणून, दहा-पंधरा मिनिटांसाठी, रंगीत फेटे बांधून, फोटोपुरती. रात्रभर रंगणारा खेळ दहा मिनिटांत काय दाखवणार? शाहिराला आणि नाच्याला त्या सभागृहात संध्याकाळी सहा ते साडेनऊ पूर्ण वेळ द्या, नेहमीचं तिकीट लावा आणि ख्यालगायकाला देता तेवढंच मानधन द्या. कव्वालीचा आणि भीमगीतांचा मुकाबलाही तिथेच ठेवा. बंद दालन आहे, दहाच्या आत संपेल, डेसिबलचीही तक्रार उरणार नाही. मग जे कोणी तक्रार करतील, त्यांची पत्रं जरूर छापा.

आपला,
एक पेटीवादक वाचक
धरमपेठ, नागपूर