गाडी कशी मेली ते आधी सांग

पुणे,
१४ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार, वि. वि. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज रात्री ‘उद्या लिहू’ म्हणून झोपत होतो. आज मात्र जेवण झाल्या झाल्या बसलो, कारण तू विचारलेलं संकट रविवारी बोपदेव घाटात माझ्याच गळ्यात पडलं, आणि ते ताजं आहे तोवर तुला सांगितलेलं बरं.

तू लिहितोस की काकांची बुलेट पन्हाळ्याला जाताना बंद पडते, चहा पिऊन आलं की परत चालू होते, आणि मेकॅनिक म्हणतो ‘इलेक्ट्रिकल आहे’. लेका, हे म्हणजे डॉक्टरनं नाडी बघून ‘तब्येत बरी नाही’ म्हणून फी घेण्यासारखं झालं. इलेक्ट्रिकल आहे हे मान्य, पण मेली कशी? एका झटक्यात, की आचके देत? एकटं इंजिन गेलं, की दिवे-हॉर्न सोबत घेऊन गेलं? या दोन प्रश्नांची उत्तरं तुझ्या पत्रात नाहीत, म्हणून माझीच गोष्ट सांगतो.

ताईच्या चिनूला माझ्या जुन्या बुलेटवर घेऊन नारायणपूरला गेलो होतो. दर्शन झालं, बाहेर पिठलं-भाकरी झाली, वर चिनूला पुरंदरचा पायथा बघायचा होता, तोही झाला. निघेपर्यंत दिवेलागण. सासवडला आलो तर कुणीतरी म्हणालं दिवे घाटात ट्रकांची रांग आहे, म्हणून बोपदेवचा रस्ता धरला. कानिफनाथाचा डोंगर मागे पडेपर्यंत गाडी अशी वाजत होती की बस. घाट उतरायला लागलो आणि एका डाव्या वळणावर इंजिनाचा एक ठोका चुकला. एकच. त्याच क्षणी हेडलाइटनंही डोळा मिचकावला.

“मामा, काय झालं?”

“काही नाही रे, खड्डा होता.”

पुण्याच्या आसपास ही थाप कुणालाही पटते. मला मात्र तो मिचकावलेला दिवा खटकला. पेट्रोलची तक्रार असती तर दिव्याला काय पडलंय? पुढचं वळण उजवीकडे, तिथं काही नाही. मग परत डावं, परत एक ठोका गायब. तिसऱ्या डाव्या वळणावर सगळंच गेलं. इंजिन, हेडलाइट, मागचा दिवा. सवयीनं हॉर्न दाबला, तोही मुका. खाली कोंढव्याचे लाखभर दिवे पसरलेले आणि आमच्या पुढ्यात हातभरसुद्धा रस्ता दिसेना.

अशा वेळी पहिल्यांदा क्लच दाब. एवढं मोठं सिंगल इंजिन एकदम थांबलं की मागचं चाक ओढलं जातं, आणि उतारावर, वळणात, मागे माणूस बसलेला असताना ते नको असतं. दुसरं म्हणजे पाय. काकांच्या गाडीचाही गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असणार, नव्या गाड्यांच्या बरोबर उलट. तू सहा वर्षं नवी गाडी चालवली आहेस, घाबरलास की तुझा उजवा पाय गिअरवर ब्रेक शोधणार. माझा इतक्या वर्षांनी शोधत होता! शेवटी पुढचा ब्रेक हळूहळू दाबत, मागून येणाऱ्या एका टेम्पोच्या उजेडात, वळण ओलांडून सरळ तुकड्यावर घरंगळत आलो आणि डावीकडे मातीत उतरलो. वळणातच थांबलो असतो तर त्याच टेम्पोनं आमचा प्रसाद केला असता.

चिनूचं डोकं इथं चाललं. प्रसादाची लाल पिशवी होती, ती त्यानं फोनच्या टॉर्चवर गुंडाळली आणि गाडीपाशी न थांबता तीस-चाळीस पावलं मागे, वळणाच्या बाजूला, रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसला. सोळा वर्षांचं पोरगं, मला सुचलं नसतं.

आता बघ, सगळं एकदम गेलं ही खरं तर चांगली बातमी. नुसतं इंजिन गेलं असतं आणि दिवे चालू असते, तर कॉइल (करंटाचा जोरदार झटका बनवणारी), पॉइंट (तिचा करंट जोडणारे-तोडणारे), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा), प्लग असं एकेक तपासत बसलो असतो. सगळंच गेलं म्हणजे जिथून सगळ्यांना करंट मिळतो तिथंच काहीतरी तुटलंय. अशा मुख्य जागा तीन: बॅटरीचं टर्मिनल, फ्यूज, आणि चावीपर्यंत जाणारी मुख्य वायर. अ‍ॅमीटरकडे, म्हणजे बॅटरीत करंट येतोय की बाहेर जातोय ते दाखवणाऱ्या काट्याकडे, बघितलं. चावी चालू, दिव्याचं बटण चालू, तरी काटा मधोमध मेल्यासारखा. काटा वजाकडे झुकला असता तर निदान करंट कुठंतरी जातोय म्हणता आलं असतं.

टर्मिनल हलवून बघितली, घट्ट होती. काचेचा फ्यूज काढून फोनच्या उजेडात धरला, तार शाबूत. पण फ्यूजची तार शाबूत दिसली म्हणून त्याच्या पकडीतून करंट जातोच असं नसतं, तिथं हिरवा गंज धरतो. मग आपला टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर इंडिकेटरचा जुना बल्ब आणि त्याला डकवलेल्या दोन वायरी. एक टोक इंजिनाच्या बोल्टला, दुसरं बॅटरीच्या अधिकला: लख्ख. फ्यूजच्या पलीकडे: लख्ख. हेडलाइटची रिंग सोडवून आत चावीला येणाऱ्या वायरीवर टेकवलं: अंधार. अगदी सहज हँडल उजवीकडे गेलं आणि बल्ब पेटला. डावीकडे वळवलं, विझला. उजवीकडे, पेटला. तिथंच उकिडवा बसून मी चार-पाच वेळा नुसतं हँडल फिरवत राहिलो. चिनूला वाटलं मामाचं डोकं फिरलं.

सुहास, दोष गाडीचा नव्हता, माझा होता. दिवाळीत साफसफाई करताना हँडलखालची लोंबणारी वायरिंग मला बघवली नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी फ्रेमच्या गळ्याशी आवळून टाकली. काय सुबक दिसत होतं! पण तिथली वायर सैल ठेवलेली असते ती हँडल वळावं म्हणूनच. प्रत्येक डाव्या वळणाला ती ताणली जायची. वरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं आणि आतली तांब्याची तार एकेक पदर करून तुटत गेलेली. बोटात धरून दुमडली तेव्हा एकाच जागी ती दोऱ्यासारखी लुळी पडत होती, तिथं आत तांबं उरलंच नव्हतं.

अंधारात ती सोलून जोडायचा उद्योग केला नाही. पिशवीत दीड हात वायर होती, दोन्ही टोकांना चिमटे आणि मध्ये दहा अँपिअरचा फ्यूज. एक चिमटा बॅटरीच्या अधिकला, दुसरा कॉइलच्या त्या टोकाला जिथं चावीकडून वायर येते. मेकॅनिक लोक याला ‘डायरेक्ट मारणं’ म्हणतात. मला अपेक्षा फक्त इंजिनाची होती. पण चावी चालूच राहिली होती, त्यामुळे करंट कॉइलकडून उलटा चावीत शिरला आणि हेडलाइट फक्कन पेटला. चिनू तिकडून ओरडला, “मामा, लागला!” आधी दिवा बंद केला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली, मग लो बीम लावला आणि येवलेवाडीपर्यंत दुसऱ्या गिअरच्या पुढे गेलो नाही.

डायरेक्ट मारलंस तर एक ध्यानात ठेव: आता चावीनं इंजिन बंद होणार नाही. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडून इंजिन बंद करणारा खटका) ओढ आणि लगेच चिमटा काढ. चिमटा तसाच राहिला आणि पॉइंट मिटलेले असले, तर कॉइल तापत बसते आणि बॅटरी सकाळपर्यंत गार. आणि त्या वायरीत फ्यूज हवाच हवा. आमच्या गल्लीत एकानं फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. चालली महिनाभर. मग एक दिवस सीटखालून धूर.

आता तुझी गाडी. गरम झाल्यावर बंद आणि वीस मिनिटांनी चालू, यात संशय कॉइल किंवा कंडेन्सरवर जातो. पॉइंटचं झाकण काढ, चावी चालू ठेव आणि किक हातानं सावकाश दाबत मीटरच्या काट्याकडे बघ. पॉइंट मिटले की काटा वजाकडे झुकतो, उघडले की मध्ये येतो. असा डुलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. हलतच नसेल तर पॉइंटवर घाण आहे नाहीतर वायर तुटलीय. एकाच बाजूला पडून राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत, फट बघ, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. पॉइंट उघडताना मोठी ठिणगी दिसली आणि त्यांचं तोंड जळून काळं पडलेलं असेल तर कंडेन्सर गेला समज.

पण त्याच्याही आधी, बंद पडल्या पडल्या, टाकीचं झाकण उघड. ‘फुस्स’ असा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, पेट्रोल खाली उतरत नाही, आणि चहा होईपर्यंत हवा आत शिरून सगळं सुरळीत होतं. तुझा मेकॅनिक ज्याला इलेक्ट्रिकल म्हणतोय ते टाचणीनं बरं होणारं दुखणं निघेल. हे दोन्ही आजार बाहेरून सारखेच दिसतात, पण पेट्रोलवाला आधी थोडा खोकतो.

चार्जिंगही बघून घे. हेडलाइट लाव, इंजिन थोडं चढव, काटा वजातून मध्ये यायला हवा. नाही आला तर तू फक्त बॅटरीवर धावतोयस. ३५ वॉटचा दिवा तीन अँपिअरच्या आसपास खातो, इग्निशन (ठिणगीची यंत्रणा) दोनेक. माझी बॅटरी ५ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे कागदावर तासभर आणि खऱ्यात त्याहून कमी. दिवसा असशील तर दिवा बंद करून दुपटीहून जास्त अंतर निघेल. रात्री असशील तर गाडी ढाब्यावर लावून एसटीनं घरी जा, बिनदिव्याचं शौर्य नको.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू का, विचारलंयस. बसव, त्यात पाप नाही. मी ठेवलेत, कारण काचकागदाच्या तुकड्यावर रस्त्यात भागतं. सुटे पॉइंट आणि कंडेन्सर आईच्या हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवलेत, त्यामुळे माझी गाडी दुरुस्त होताना फोडणीचा वास येतो.

काल नाना पेठेत जाऊन गाडीची बहुपदरी वायर आणली. घरातली एकपदरी कधी वापरू नकोस, हादऱ्यानं मोडते. वळणाच्या जागी डाग (सोल्डर) दिला नाही, डाग दिलेली वायर कडक होते आणि शेजारीच तुटते. लग (वायरीच्या टोकाचे धातूचे कान) दाबून बसवले आणि गळ्याशी चांगलं सैल वेटोळं ठेवलं. आता लोंबतंय, दिसतं गबाळं. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पार टोकापर्यंत दहा वेळा फिरवलं, ठोका चुकला नाही. तूही हे आजच करून बघ.

तुझ्यासाठी एक कंडेन्सर घेऊन ठेवलाय. शेजारचे जोशीकाका २२ तारखेला अंबाबाईला येतायत, त्यांच्या हाती पाठवतो. पैसे पाठवलेस तर परत करीन, पुढच्या खेपेला तांबडा-पांढरा घाल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या

ता. क. ताईचा फोन आलाच तर नारायणपूरला गर्दी होती म्हणून उशीर झाला, एवढंच सांग. चिनूला मी आइस्क्रीमवर गप्प केलाय.