शमे, ओंकारचा मेसेज आला का?

पुणे, जानेवारी २०२६

प्रिय शमे,

गणपतीपासून पत्र लिहायचं राहतंय. शिव्या नंतर घाल. माझं बीपी ठीक, गुडघे आहेत तसेच. दादाच्या एएलएसचं, म्हणजे त्या स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराचं, फोनवर सांगितलं नाही, कारण त्याच्या औषधांवरून फोनवर आपण भांडतो.

दादाच्या ओंकारचा मेसेज आला नसेल तर येईल. तुझी मुक्ता ओसाकात, म्हणून त्याला तिच्याकडून दादासाठी इबुडिलास्टच्या कॅप्सूल मागवायच्या आहेत. जपानात हे औषध दम्यासाठी १९८९ पासून मिळतं. पोराचं म्हणणं, जुनं आहे, सुरक्षित आहे, मग थांबायचं कशाला? म्हटलं, अरे, कॅप्सूल १० मिलिग्रॅमची, आणि एएलएसच्या चाचणीत दिवसाला १०० मिलिग्रॅमपर्यंत देतात. तर म्हणे, "मग दहा देऊ." दादाला पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने द्यावं लागतं, आणि हा दहा कॅप्सूल देणार!

याआधी त्याने टीयूडीसीएच्या बाटल्या आणल्या होत्या. हे अस्वलाच्या पित्तात सापडतं कळल्यावर दादाने पाटीवर लिहिलं, "माझं पित्त काय कमी होतं?" वहिनी हसली नाही. मी हसले.

आता तुझं-माझं जुनं भांडण. सप्टेंबर २०२२, एएलएसचं औषध एएमएक्स००३५. तेच टीयूडीसीए आणि सोबत सोडियम फिनाइलब्युटिरेट. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएच्या सल्लागार समितीने मार्चमध्ये ६ विरुद्ध ४ असा नकार दिला आणि सप्टेंबरात ७ विरुद्ध २ असा होकार. मधे नवी मोठी चाचणी झालेली नाही. तेच १३७ रुग्ण, तेच २४ आठवडे. तू म्हणालीस, "काकांच्या वेळी हे असतं तर मी पी-व्हॅल्यू विचारत बसले नसते." म्हणजे, दिसलेला फरक नुसता योगायोग असू शकतो का, ते सांगणारा आकडा. त्यावर मी जे बोलले ते तू विसरली नसशील. मी ते अजून मागे घेत नाही.

फक्त एक सांगते. त्या चाचणीत फरक होता ४८ गुणांच्या मोजपट्टीवर २.३२ गुणांचा. तेव्हा मला तो नुसता आकडा होता. आता ती पट्टी आमच्या फ्रिजवर लावलेली आहे. बारा प्रश्न, प्रत्येकी जास्तीत जास्त चार गुण: लाळ, अक्षर, घास, जिना, कुशीवर वळणं. दिवाळीपर्यंत दादा पलंगाची कड धरून, दात-ओठ खात का होईना, कूस बदलायचा. आता नुसता खांदा हलतो आणि वहिनी उठते. दोनावरून एकावर. पट्टीवर एकच गुण गेला, आणि वहिनीची झोप कायमची गेली. दोन गुणांसाठी तू का भांडत होतीस ते कळतं गं.

पण त्याच औषधाच्या मोठ्या चाचणीत, ६६४ लोकांत, ४८ आठवड्यांनी तेही दोन गुण उरले नाहीत. मार्च २०२४. पुढच्याच महिन्यात कंपनीने औषध बाजारातून काढलं. चाचणी फसली तर काढू असा शब्द दिला होता, तो पाळला, मान्य. पण तोवर वर्षाला १,५८,००० डॉलर किंमत लावलीच होती ना!

इबुडिलास्टला मंजुरी मिळेल का, हे दादानेच विचारलं. याआधीच्या छोट्या चाचणीत ते सोसलं, पण उपयोग दिसला नाही. मोठीचा निकाल अजून यायचाय. तो चांगला आला तरी अर्ज, छाननी, मग कधीतरी आपल्याकडे. आणि एकदा पोळल्यावर एफडीए पुन्हा पातळ पुराव्यावर होकार देईल असं मला वाटत नाही. १९९५ मध्ये मंजूर झालेलं रिल्युझोल दादा घेतोच, ते जेमतेम दोन-तीन महिने वाढवतं. यातलं निम्मंच मी त्याला सांगितलं. म्हटलं, निकाल येऊ दे. त्याने पाटी पुसली आणि लिहिलं, "येऊ दे. मी कुठे जातोय?" मला उत्तर सुचलं नाही, मी कुकर लावायला उठले.

तेव्हा मुक्ताला यात ओढू नकोस. ओंकारला तूच नाही म्हण. माझं तो ऐकत नाही, आत्या म्हणजे नकारघंटा. माझं नाव मात्र घेऊ नकोस. आणि तुझ्याच्याने नाही म्हणवत नसेल, तर कॅप्सूल मागवण्याआधी मला फोन कर. होऊ दे भांडण.

मुक्ताचं बाळ रांगतं का? फ्लॅटचं रजिस्ट्रेशन झालं? रावसाहेबांना नमस्कार, सिगारेट सुटली असेल तर.

तुझी,
मंजू

ता. क. मेतकूट पाठव. मऊ भातात कालवलं की दादा चार घास जास्त घेतो. हिंग कमी घाल, मागच्या वेळी फार झाला होता.