ब्राह्मीची एकदा नीट परीक्षा घ्या : केंद्रीय आयुष राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. प्रतापराव जाधव,
सादर नमस्कार.

माझ्या वडिलांना अल्झायमर आहे. घरी येणारं प्रत्येक माणूस जाताना काहीतरी सुचवून जातं : ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, हळद. त्यामागे माया असते. पण याच मायेवर मोठा बाजार उभा राहिलाय. ‘विस्मरण मुळापासून बरं’ असं छापलेली बाटली मी दुकानात हातात घेतली आहे. हा आजार मुळापासून बरा करणारं औषध आज कुठल्याच पॅथीकडे नाही. आपल्या खात्याने हे ठणकावून सांगावं.

झाडपाल्यावर माझा राग नाही. वडिलांना न्यूरॉलॉजिस्टने दिलेलं गॅलँटामाइन मूळचं स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातलं. बल्गेरियात १९५० च्या दशकात त्याचं औषध झालं, पुढे चाचण्यांना उतरून २००१ मध्ये त्याला अमेरिकेत अल्झायमरसाठी मान्यता मिळाली. मेंदूतलं असेटिलकोलिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, लवकर मोडू नये, हे ते मुख्यतः बघतं. त्याने लक्षणं काही काळ सावरतात, आजार थांबत नाही. तरी त्याचा उपयोग किती आणि त्रास कोणता, हे डॉक्टर मला सांगू शकतात. ब्राह्मीबद्दल असं कोण सांगणार?

गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काचाही असाच बोलबाला होता. अमेरिकेत पंच्याहत्तरी गाठलेल्या ३,०६९ जणांवर सुमारे सहा वर्षं चाचणी झाली. निम्म्यांना गिंको, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. स्मृतिभ्रंश काही टळला नाही, आणि २००८ मध्ये तसं जाहीर छापलं गेलं.

ब्राह्मीच्या वाट्याला एवढी मोठी परीक्षा अजून आलेली नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिच्यातल्या बॅकोसाइड या द्रव्यावर वर्षानुवर्षं काम झालंय, म्हणजे पाया आहे. आधी झाड तरी एकच ठरवा. बाजारात ब्राह्मी म्हणून छोट्या, जाडसर पानांची जलब्राह्मी मिळते आणि गोल पानांची मंडूकपर्णीही. दोन्हींतली द्रव्यं वेगळी.

प्रमाणित अर्क घ्या, निदान झालेले रुग्ण घ्या, अनेक रुग्णालयांतले न्यूरॉलॉजिस्ट आणि वैद्य एकत्र बसवा. चालू गोळ्यांसोबत ब्राह्मी दिली तर काय होतं, तेही तपासा. घरोघरी दोन्ही एकदमच चालू असतात. निकाल उलटा आला तरी तो मराठीत, साध्या भाषेत आमच्यापर्यंत येऊ द्या. आणि तोवर, ‘बरं करतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर, औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याचा बडगा उगारायला राज्यांना भाग पाडा.

आपली,
अल्झायमरग्रस्त वडिलांची मुलगी